दर्यामाउलीचा पुढचा उजवा खांदा

बेलापूर ओलांडून उरणच्या वाटेला लागलं की कंटेनरच्या रांगा सुरू होतात. त्या रांगांना जिथे जरा खंड पडतो, तिथे दांडखार गाव आहे. गावामागे टेकडी आणि टेकडीवर दर्यामाउलीचं देऊळ. कागदोपत्री ते चर्च आहे, पण गावात कुणी त्याला चर्च म्हणालं की माणूस बाहेरचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दर रविवारी कोपरखैरण्यापासून वसईपर्यंतची माणसं इथे नवस बोलायला येतात. ख्रिस्ती येतात, त्याहून जास्त हिंदू येतात. पंचाहत्तर पायऱ्या चढून, धापा टाकत दारात पोचतात, आणि आधी त्यांना माउली भेटत नाही, धर्मराज भेटतो.

टाळायचं म्हटलं तरी भेटतो. अडुसष्ट वर्षांचा, वाळक्या बोंबलासारखा सुकलेला, पांढरा शर्ट, खाली ढगळ हाफ पँट, आणि तोंड एकदा सुरू झालं की ते बंद कसं करायचं हे त्याच्या बायकोलाही कधी कळलं नाही. दाराच्या उजव्या कमानीखाली प्लॅस्टिकचं स्टूल टाकून तो बसायचा आणि येणाऱ्याला अडवून देऊळ सांगायला लागायचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी फिरंगी पाद्र्यांनी हे बांधलं. काळा दगड याच टेकडीचा, आणि तो सांधलाय शिंपल्या भाजून केलेल्या चुन्यात. भिंती चार हात जाड, म्हणून मे महिन्यातही आत गारवा. घंटेचा मनोरा डावीकडे एकच, कारण उजवा बांधायच्या वेळी सामान घेऊन येणारं गलबत बुडालं. खिडक्यांना काचा नाहीत, शिंपल्यांची तावदानं आहेत, त्यातून उजेड दुधासारखा उतरतो. वेदीवर सोनेरी मुलामा दिलेले वेलबुट्टीचे खांब, वरचं छत आडव्या कापलेल्या पिंपासारखं गोल, आणि उजव्या भिंतीला पाद्र्याने उभं राहून बोलायचा लाकडी सज्जा. त्या सज्ज्याखाली चार मत्स्यकन्या माना वर करून बसल्यात.

हे सगळं तो हातवारे करून सांगायचा आणि सांगताना एकदाही मागे वळून बघायचा नाही. त्याने जन्मात त्या देवळात पाऊल टाकलेलं नव्हतं. बापाने टाकलं नव्हतं, आज्याने नव्हतं. गावातले बाकीचे आगरी-कोळी खुशाल आत जायचे, मेणबत्ती लावायचे, प्रसादाची बुंदी खात बाहेर यायचे. उंबऱ्याबाहेर थांबायचं ते फक्त या एका घराने. कुणी कारण विचारलंच तर धर्मराज छाती काढून सांगायचा, ‘‘आमी माउलीकडं जात नाय. माउली आमच्याकडं येते.’’

आणि खरंच, ती यायची. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी दांडखारची जत्रा. त्या दिवशी माउलीची लाकडी मूर्ती डोलीत बसवून उंबऱ्यापर्यंत आणतात. तिथे पुढचा उजवा खांदेकरी बाजूला होतो आणि त्याच्या जागी धर्मराज खांदा लावतो. मग डोली पायऱ्या उतरते, गावातून जुन्या मिठागराच्या बांधावर जाते, खाडीचं पाणी मूर्तीच्या पायांना लागतं आणि डोली परत फिरते. बाकीच्या तिघांच्या खांद्यावर कापसाची गादी असते, पायात चप्पल असते, शंभर पावलांवर माणूस बदलतो. धर्मराजला गादी नाही, चप्पल नाही, बदली नाही. आदल्या दिवसापासून पोटात पाण्याचा थेंब नाही. शिवाय बाकी तिन्ही दांडे तासून गोल केलेले, त्याचा तेवढा चौकोनी, कड तशीच ठेवलेली. एप्रिलच्या उन्हात बांधावरची खारी माती तव्यासारखी तापते, तिच्यावरून म्हातारा अनवाणी चालायचा आणि परत येईपर्यंत त्याचा शर्ट खांद्यावर लाल झालेला असायचा.

‘कडक मान’ म्हणायचा तो याला. मोठ्या माणसाचा मान मोठा, तसा तो कडकही असणारच. चव्वेचाळीस वर्षं दांडा वाहून त्याच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढा गट्टा आला होता. ओळखदेख नसलेल्या बायांसमोरसुद्धा तो शर्टाची दोन बटणं सोडून गट्टा दाखवायचा. त्या बिचाऱ्या हात जोडायच्या.

मानामागची गोष्ट दांडखारात सगळ्यांना पाठ होती, कारण धर्मराजने ती पाठ करून घेतली होती. मराठ्यांनी वसई घेतली, फिरंगी पळाले, देऊळ ओस पडलं. त्या धामधुमीत मिठागरावर राबणाऱ्या धाकूने, म्हणजे धर्मराजच्या मूळपुरुषाने, माउलीची मूर्ती उचलली आणि मिठाच्या राशीत लपवली. पुढे गोव्याहून नवा पाद्री आला तेव्हा त्याने ती जशीच्या तशी परत दिली. त्याचं बक्षीस म्हणून हा खांदा, वंशपरंपरेने.

आता एवढा जीव त्या एका दिवसावर का, असं कुणी विचारेल. तर उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत धर्मराजला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. मिठागर सरकारी भूसंपादनात गेलं तेव्हा तो तरणा होता. मग सव्वीस वर्षं कंटेनरच्या यार्डात फाटकावर उभा राहून ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. मुलगा धनेशने गावठाणात तीन मजली इमारत उठवली, खोल्या भाड्याने दिल्या. त्या घरात बापाला विचारायचे ते एवढंच, की वरच्या टाकीत पाणी चढलं का. सून प्रिया बोलायला बरी होती, पण तिलाही सासरा म्हणजे दारातली अडचणच. असा माणूस वर्षातून एकदा उंबऱ्यापुढे उभा राहायचा आणि त्याच्यावाचून साक्षात माउलीचं पाऊल हलायचं नाही. त्याच्या जागी कुणीही असतं तरी त्या दिवसाला असंच चिकटून राहिलं असतं.

गेल्या पावसाळ्यात देवळाचं छत गळलं. फादर ग्लेन हे तिथले नवे धर्मगुरू, वसईचे, वय पस्तीस, चेहऱ्यावर कायम हसू. त्यांनी ठरवलं की साडेतीनशेवं वर्ष आहे तर छप्परही दुरुस्त करू आणि देवळाच्या इतिहासाचं एक पुस्तकही काढू. दोन्ही कामांसाठी त्यांनी तेजश्रीला आणलं. ही मुलगी जुन्या इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट, राहायला कोपरखैरण्याला, घरचे मूळचे साताऱ्याकडचे. तिच्या वडिलांनी मार्केटात पाठीवर गोणी वाहून मुलीला शिकवलेलं, त्यामुळे खांद्यावरचा गट्टा बघून तिला कीव आली नाही, आदर वाटला. धर्मराज त्याच क्षणी तिला विकला गेला. रोज सकाळी ती यायच्या आत स्टूल पुसून तयार. भिंत मोजायची तर टेपचं बाहेरचं टोक त्याच्या हातात. चुना पडलेल्या जागी ती काय खरवडते, कसला भुगा पुडीत भरते, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला असं सांगायचा की जणू ती त्याच्याच हाताखाली कामाला आहे.

एक दिवस तेजश्री बांबूच्या परांचीवरून खाली उतरली आणि म्हणाली की एक कोडं आहे. भिंतींच्या माथ्यावर समोरासमोर खोबण्या आहेत, बारा जोड्या, दीड वीत रुंद. पण आत्ताच्या छपराच्या तुळया बारीक आहेत. खोबण्या विटांनी बुजवून त्यावर त्या कशाबशा टेकवल्यात. मूळच्या जाड सागवानी तुळया गेल्या कुठे?

धर्मराजकडे उत्तर तयार होतं: फिरंग्यांनी पळताना काढून नेल्या. इथे थांबला असता तरी निभावलं असतं. पण थांबणं हे त्याच्या रक्तात नव्हतं. तसलं एक लाकूड आपल्या घरी आहे, असं तो म्हणाला आणि तिला हाताला धरून घरी घेऊन गेला.

लाकूड तळमजल्याच्या दारावर आडवं बसवलेलं होतं. जुनं घर पाडलं तेव्हा धनेश ते वखारीत देणार होता, धर्मराज जेसीबीपुढे आडवा पडला म्हणून राहिलं. टोकाला आठ पाकळ्यांचं फूल कोरलेलं. माउली वाचवली म्हणून पाद्र्यांनी धाकूला दिलेली भेट, धर्मराजने सांगितलं. तेजश्रीने टेप लावला. दीड वीत. तिने फुलाचा फोटो काढला, मग मोबाइलमधला दुसरा एक फोटो उघडून फुलाशेजारी धरला. वेदीच्या वर, भिंतीत अडकून राहिलेला मूळच्या तुळईचा एक तुकडा होता, त्यावरही हेच फूल. पुतळाने, म्हणजे धर्मराजच्या बायकोने, दिलेला चहा तिने अर्धाच प्यायला.

तिला भरून आलं, असं धर्मराज समजला. त्याने तिला बजावलं की हे पुस्तकात घालायचं, पुराव्यासकट.

फेब्रुवारीत गोव्याच्या दप्तरातून एका जुन्या कागदाची नक्कल आली आणि तिचं मराठी भाषांतर. तेजश्री ते घेऊन थेट स्टुलापाशी आली. मनाने ती वाईट नव्हती, हे लिहिणाऱ्याने कबूल केलं पाहिजे.

‘‘काका, धाकूबद्दल एक कागद मिळालाय,’’ ती म्हणाली. ‘‘त्यात काय लिहिलंय ते तुम्ही आधी वाचा. तुम्हाला नको असेल तर मी पुस्तकात घेणार नाही.’’

‘‘धाकूचं नाव हाय त्याच्यान?’’

‘‘हो, नाव आहे. पण काका...’’

‘‘मंग वाचाचं काय?’’ धर्मराजचे डोळे भरून आले. ‘‘माजे घरान्याचं जे हाय ते सगलं छाप, पोरी. येक अक्षर गालू नको.’’

तिने कागद पुढे केला. त्याने तो कपाळाला लावला आणि चष्मा घरी आहे म्हणून परत दिला. पायऱ्या चढून येणाऱ्या एका कुटुंबाला हाक मारून तो सांगायलाही लागला की माझ्या पूर्वजाचा फिरंगी कागद सापडला. तेजश्री आणखी दोन मिनिटं तिथे उभी होती. तिने दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. पण दुसऱ्यांदा सांगणं फार जड जातं आणि पहिल्यांदा सांगितलं होतं एवढ्यावर मनाची समजूत काढता येते. तिने कागद पिशवीत ठेवला आणि ती निघून गेली.

पुस्तकाचं प्रकाशन ईस्टरच्या संध्याकाळी, देवळाच्या अंगणात मांडव घालून. धर्मराजने दिवाळे गावातल्या बहिणीला सहकुटुंब बोलावलं होतं, यार्डातल्या जुन्या सोबत्यांना बोलावलं होतं. नवा शर्ट शिवला होता. पहिल्या रांगेत तो, शेजारी ठेवणीतलं लुगडं नेसून पुतळा, मग धनेश, प्रिया. जत्रा कमिटीचा अध्यक्ष सुभाष, ज्याचा डोळा गेली वीस वर्षं त्या खांद्यावर होता, तो मुद्दाम दुसऱ्या रांगेत बसला होता.

फादर ग्लेन माइकवर आले. आधी देवळाच्या बांधणीबद्दल बोलले, चुन्याबद्दल, खोबण्यांबद्दल. मग म्हणाले की या पुस्तकातलं सर्वांत सुंदर पान मी स्वतः वाचून दाखवणार आहे. धर्मराजने पुतळाला कोपराने ढोसलं.

सतराशे एकेचाळीस सालचा तो कागद. ओस पडलेल्या देवळातून बारा तुळया, घंटा आणि माउलीच्या अंगावरची चांदी चोरीला गेली. चोर सापडला तो मिठागरावरचा धाकू. तुळया त्याने मिठाच्या कोठारांना घातल्या होत्या, एक घराला. अंगठ्या निघेनात म्हणून मूर्तीची बोटं तोडली होती, आणि मूर्ती कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मिठात पुरली होती. गावचे पंच आणि गोव्याहून आलेला पाद्री यांनी मिळून शिक्षा ठरवली. ती फादरनी शब्दन् शब्द वाचली:

‘‘या चोराने आणि त्याच्या वंशाने दर जत्रेस माउलीस खांद्यावर वाहावे. खांद्यावर कापूस नसावा, पायात वहाण नसावी, पोटात अन्नपाणी नसावे. त्याच्या दांड्याची कड तासू नये. आणि हे देऊळ उभे आहे तोवर त्यांच्यातील कोणीही याचा उंबरा ओलांडू नये.’’

मांडवात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग बरेच जण.

फादर ग्लेनना ते हसू ऐकूच आलं नाही. एका चोरीसाठी पावणेतीनशेहून अधिक वर्षं निष्पाप माणसांनी रक्त सांडलं, ते म्हणाले. मी बिशपांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलंय. आज दर्यामाउलीच्या नावाने ही शिक्षा माफ झाली. ते मंचावरून उतरले, धर्मराजचा हात धरून त्याला उठवलं आणि चालवत दारापाशी नेलं. धर्मराजचे पाय उंबऱ्यापाशी अडले. फादरनी प्रेमाने, पण नेट लावून, त्याला आत ओढलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाल्याने पुन्हा एकदा उंबरा ओलांडायला सांगितलं, पहिला फोटो हलला म्हणून.

आत गारवा होता, तेवढं खरं निघालं. सज्जा उजव्या भिंतीला नव्हता, डावीला होता. मत्स्यकन्या चार नव्हत्या, तीन होत्या. माना त्यांनी वर केल्या नव्हत्या, खाली घातल्या होत्या. चव्वेचाळीस वर्षं तो हजारो माणसांना चुकीचं सांगत आला होता, आणि ती माणसं आत येऊन, बघून, त्याच वाटेने बाहेर जाताना त्याला हात जोडत होती. कुणी एकानेही त्याला चूक दाखवली नव्हती. म्हणजे कुणी ऐकतच नव्हतं. धर्मराजला तिथे रडू फुटलं आणि लोकांना वाटलं, माउलीच्या दर्शनाने.

घरी आल्यावर पुतळाने लुगडं सोडलं, घडी घातली आणि मग बोलली. दर जत्रेला नवऱ्याबरोबर तीही निर्जळी राहायची, पहिल्या बाळंतपणातसुद्धा राहिली होती आणि ते मूल जगलं नव्हतं.

‘‘चव्वेचालीस वर्सं मी उपाशी ऱ्हायली,’’ ती म्हणाली, ‘‘ती येका चोरासाटी?’’

पुढचे चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, पाचव्या दिवसापासून टाकीतल्या पाण्यापुरतं बोलली.

धनेशने संधी साधली. दोन दिवसांत दारावरची तुळई काढून वाजतगाजत देवळाला नेऊन दिली. तिच्यामुळे तळमजल्यावरच्या नव्या दुकानाचं शटर बसत नव्हतं, ते बसलं, आणि नाक्यावर फ्लेक्सही लागला: धनेशचा हसरा फोटो आणि खाली ‘ऐतिहासिक तुळईचे दान’. जो दान देतो तो चोर कसा, असं तो लोकांना विचारायचा. चोर राहिला तो फक्त बाप. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ ही म्हण दांडखारात पूर्वीही होती, आता तिला मालक मिळाला. सुभाष रस्त्यात भेटला की खिसे चाचपून बघायचा आणि मोठ्याने हसायचा.

तरी धर्मराज पुढच्या रविवारी स्टुलावर जाऊन बसला. आता निदान मत्स्यकन्या बरोबर सांगता येतील, असं त्याला वाटलं असावं. पहिलीच बाई वर आली, हातात नवं पुस्तक. तिने त्याच्याकडे बघितलं, पुस्तकातल्या फोटोकडे बघितलं आणि खांद्यावरची पर्स या बाजूची काढून त्या बाजूला घेतली. धर्मराज स्टूल उचलून घरी आला.

संध्याकाळी तो फादर ग्लेनकडे गेला. फादर वाईट माणूस असते तर भांडता आलं असतं, पण तिथेच तर घोडं पेंड खात होतं. त्यांनी त्याला खुर्ची दिली, सरबत दिलं.

‘‘फादर, मना माफी नको,’’ धर्मराज म्हणाला. ‘‘शिक्षाच ऱ्हाऊ दे.’’

फादर हसले. ‘‘काका, ती शिक्षा अमानुष होती. तुम्ही काहीच केलेलं नाही.’’

‘‘मी कायच केला नाय जल्मात. ती येकच गोष्ट केली. ती तरी ऱ्हाऊ द्या.’’

फादरना हे कळलं नाही, किंवा फार लांबून कळलं. त्यांनी समजावलं की बिशपांचं पत्र आल्यावर आता पुन्हा कुणाला रक्तबंबाळ करणं शक्य नाही. चौथा दांडाही सुताराने तासून गोल केला आहे. पुढचा उजवा खांदा यापुढे पाळीपाळीने गावातल्या सगळ्या घरांना मिळेल, कमिटीने ठरवलंय, यंदा सुभाष. धर्मराजची पाळी त्याच्या घराच्या क्रमाने एकतीस वर्षांनी येत होती. तोवर तुम्ही आत बसून शांतपणे प्रार्थना करा, फादर म्हणाले, आता आत यायला तुम्हाला कुणाची बंदी नाही. आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका गट्ट्यावर.

जत्रेच्या आदल्या दिवशी धर्मराजने सवयीने पाणी सोडलं. त्या दिवशी घरात चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा चूल पेटली. पुतळाने कोलंबीचं कालवण केलं, भाताचा ढीग घेतला आणि त्याच्यासमोर बसून सावकाश जेवली. तो भिंतीला टेकून बघत होता. त्याच्या डोक्यात एक विचार घर करून बसला होता, आणि तो इतका सरळ होता की आधी कसा सुचला नाही याचंच त्याला नवल वाटत होतं. धाकूची चोरी माफ झाली, ठीक. पण नवी चोरी झाली तर तिला नवी शिक्षा लागेल. आणि या देवळात चोराला काय शिक्षा देतात, ते तर आता पुस्तकात छापलेलं होतं.

रविवारी सकाळची मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, चालू असताना तो आत गेला. कुणी अडवलं नाही, उलट स्वयंसेवकांनी वाट करून दिली. माउलीच्या वेदीपाशी दिवाळ्याच्या कोळ्यांनी वाहिलेलं एक चांदीचं गलबत होतं, हाताच्या पंजाएवढं. सगळे गुडघे टेकून डोळे मिटून होते तेव्हा धर्मराजने ते उचललं आणि शर्टात घातलं. जन्मभर त्याने यार्डातून एक खिळाही घरी आणला नव्हता. घाईत गलबताची शिडाची काठी त्याच्या छातीत घुसली. तो बाजूच्या दाराने बाहेर पडला आणि पुढे येऊन उंबऱ्यासमोर, आपल्या जागी, अनवाणी उभा राहिला.

डोली आली. पुढच्या उजव्या दांड्याशी नवीकोरी गादी घेऊन सुभाष तयार होता. धर्मराज मध्ये आला आणि गलबत दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं.

‘‘ही चोरी मी केली,’’ तो म्हणाला. दीड दिवस कोरडा घसा, आवाज फाटला होता, पण अगदी खालच्या पायरीपर्यंत पोचला. ‘‘धाकूने नाय. मी, धर्मराजने. आता मना शिक्षा द्या.’’

गर्दीत कालवा झाला. दोन-चार तरुण हात उगारून पुढे आले आणि धर्मराजने खरोखर समाधानाने मान खाली घातली. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण फादर ग्लेन धावत आले, त्यांनी पोरांना मागे सारलं, गलबत त्याच्या हातातून अलगद सोडवून घेतलं आणि माइक मागितला.

‘‘ही चोरी नाही,’’ ते म्हणाले. ‘‘हे एका भोळ्या भक्ताचं प्रेम आहे. माउलीने कधीच माफ केलंय, आपणही करू.’’

टाळ्या वाजल्या. धनेश हात जोडून चहूकडे फिरून सांगत होता की बाबांचं वय झालंय, या सगळ्याचा डोक्यावर परिणाम झालाय, मनावर घेऊ नका. दोन स्वयंसेवकांनी धर्मराजला दोन्ही दंडांना धरून ज्येष्ठ नागरिकांच्या मांडवात नेलं आणि पंख्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. सुभाषने गादी नीट केली, खांदा लावला आणि डोली उचलली गेली. लोक तिच्यामागून पायऱ्या उतरू लागले. चौघांची पावलं जुळली, डोली कुठेही हेलकावली नाही. त्याच्यावाचून ती नेहमीपेक्षा बरी चालली होती.

शेजारच्या खुर्चीत वसईकडची एक म्हातारी बसली होती, नवसाला आलेली. तिला गावातलं काही ठाऊक नव्हतं. धर्मराजने तिच्याकडे वळून हलक्या आवाजात सांगितलं, ‘‘बाय, मी चोर हाय.’’

‘‘असाल हो बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘आधी पाणी प्या. ओठ बघा कसे सुकलेत.’’

तिने बाटलीचं झाकण उघडलं. धर्मराजने तोंड घट्ट मिटून घेतलं, मान फिरवली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला समजत नाही. तिने एका हाताने त्याची हनुवटी धरली, लहान पोराला औषध देताना धरतात तशी, आणि घोट घोट करत सगळं पाणी त्याला पाजलं.